वेगाची वही: बुद्ध सर्किट आणि हौशी शर्यतपटूचा डेटा

ग्रेटर नोएडातल्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. सेबास्टियन व्हेटेलने ती जिंकली आणि १ मिनिट २७.२४९ सेकंदांची सर्वांत वेगवान फेरीही त्याच्याच नावावर लागली. ५.१२५ किलोमीटरच्या त्या वाटेवर हा वेग सरासरी ताशी २११ किलोमीटर पडतो. आज त्याच डांबरावर एखादा हौशी चालक आपली रोजची हॅचबॅक घेऊन उतरतो, काचेला चिकटवलेल्या छोट्या डबीत, म्हणजे लॉगरमध्ये, फेऱ्या नोंदवतो आणि संध्याकाळी लॅपटॉपवर त्या रेषा उलगडून बसतो. पाहणाऱ्याला सहज वाटते, हे फॉर्म्युला वनचेच झिरपून आलेले ज्ञान असणार. हा समज सोयीचा आहे, आणि लॉगर विकणाऱ्यांना तर फारच सोयीचा. इतिहास तपासला की मात्र तो टिकत नाही. हौशी शर्यतपटूच्या हाती आलेला डेटा फॉर्म्युला वनच्या पिटमधून आलेला नाही. तो आला दिल्लीच्या प्रदूषणाच्या खटल्यातून, अमेरिकी सरकारच्या एका निर्णयातून, एअरबॅगमधून आणि मोबाइल फोनमधून. ही वंशावळ लक्षात घेतली की कोणती यंत्रणा घ्यावी, या प्रश्नाचे उत्तरही बदलते.

आधी घड्याळाचा काळ पाहू. भारतात मोटार शर्यतीचे खरे घर दक्षिणेत होते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला आणि दुसऱ्या महायुद्धातली शोलावरमची धावपट्टी हे त्याचे मैदान बनले. पुढे श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक झाला, नंतर कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे झाला. उत्तरेत असे काही नव्हते. दिल्लीच्या आसपासची मोटारीची हौस रॅलीची होती. १९८० साली सुरू झालेली हिमालयन रॅली, जिच्यामागे मुंबईचे नाझिर हुसेन होते, पुढे रेड द हिमालय, आणि ठरावीक अंतर ठरावीक सरासरीने कापायच्या टीएसडी रॅल्या, हा इकडचा वारसा. तिथे नोंदीचे काम शेजारी बसलेला नॅव्हिगेटर करी: मांडीवर रोडबुक, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि नजर ट्रिपमीटरवर. ट्रॅकवर तो शेजारीही नसतो. तिथे भिंतीपाशी उभा असलेला मित्र स्टॉपवॉच दाबतो. यांत्रिक स्टॉपवॉचचा काटा साधारणपणे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने सरकतो आणि माणसाचा अंगठाही जवळपास तेवढाच उशिरा हलतो. तरी घड्याळाची खरी उणीव अचूकतेची नव्हती. पूर्ण फेरीसाठी ते एकच आकडा देई. मागच्या फेरीपेक्षा दीड सेकंद जास्त लागला, एवढे कळे; तो कोणत्या वळणावर गेला ते कळत नसे. मग तो दीड सेकंद टायरच्या, इंजिनाच्या, नाहीतर पुढे आडव्या आलेल्या गाडीच्या नावावर टाकला जाई. स्वतःच्या नावावर तो क्वचितच पडे.

फॉर्म्युला वनने या प्रश्नाचे उत्तर फार आधी शोधले होते. १९७० च्या दशकाच्या मध्यात टिरेल संघासाठी कार्ल केम्फ या अमेरिकी शास्त्रज्ञाने गाडीवर सेन्सर आणि रेकॉर्डर चढवले. १९८० च्या दशकात केंब्रिजजवळच्या पाय रिसर्चसारख्या कंपन्यांनी त्याचा व्यवसाय उभा केला. मग धावत्या गाडीतला डेटा रेडिओने पिटमध्ये येऊ लागला. २००२ साली तर पिटमध्ये बसून गाडीतल्या सेटिंग बदलण्यापर्यंत मजल गेली, आणि पुढच्या वर्षी नियम करून ते थांबवावे लागले. हे सगळे वैभव २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडात अवतरले. २०१२ पासून फॉर्म्युला वनच्या दूरसंचाराचे काम टाटा कम्युनिकेशन्सकडे होते. यमुना एक्स्प्रेसवेच्या कडेच्या वळणावर दाबलेला ब्रेक काही क्षणांत युरोपातल्या कारखान्याच्या पडद्यावर दिसे. पण शर्यत आटोपली की पेट्या बंद होत, विमानात चढत आणि पुढच्या देशात उघडत. या शर्यतीने मागे ठेवला तो मुख्यतः करांचा वाद. उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता करमणूक मानले. आयकराचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हे सर्किट म्हणजे फॉर्म्युला वनच्या परदेशी कंपनीचे भारतातले स्थायी आस्थापन होय. कायद्याच्या नजरेत फॉर्म्युला वनचे इथे ठाणे होते. तंत्रज्ञानाच्या नजरेत ते बिऱ्हाडही नव्हते. इथल्या मेकॅनिकला, क्लबाला किंवा हौशी चालकाला त्या पेट्यांतली एक वायरही हाताळायला मिळाली नाही. २०१४ पासून शर्यत वेळापत्रकातून गेली ती गेलीच. पुढे टाटांच्या ट्रकांच्या शर्यती झाल्या, थकबाकीपायी यमुना प्राधिकरणाने २०२० मध्ये जमिनीचे वाटप रद्द केले, सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी येऊन गेली. या मोठ्या तारखांच्या मधल्या काळात सर्किट भाड्याने जाई. हौशी माणूस तिथे शिरला तो या फटीतून.

त्याच्या गाडीत सेन्सर कसे आले, ही कथा मात्र दिल्लीच्या हवेपासून सुरू होते. एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी आदेश दिला: राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात नोंदल्या जाणाऱ्या खासगी गाड्या १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ निकषांत बसल्याच पाहिजेत. नोएडा याच क्षेत्रात येते. कंपन्यांना हे निकष काही वर्षांनी, सवडीने गाठायचे होते. न्यायालयाने ते महिन्यांवर आणले. युरो-२ साठी कार्बोरेटर पुरेना. पेट्रोल मोजून फवारणारी इंजेक्शनची पद्धत आली, मागच्या दारावर ‘एमपीएफआय’ अशी चमकती अक्षरे आली, आणि त्या अक्षरांमागे एक छोटा संगणक आला, ज्याला आज सगळे ईसीयू म्हणतात. या संगणकाला इंजिन किती फेरे घेते, थ्रॉटल किती उघडले आहे, आत येणाऱ्या हवेचा दाब किती, पाणी किती तापले, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सतत माहीत असावे लागते. शर्यतीच्या संघाने पदरचे पैसे घालून जे सेन्सर लावले असते, त्यातले निम्मे न्यायालयाच्या धाकाने मारुतीच्या साध्या गाडीतही बसले. फक्त त्यांचे बोलणे ऐकायला दार नव्हते. ते दारही धुराच्याच नियमांनी उघडले. भारत स्टेज-४ हे निकष आधी राजधानी क्षेत्र आणि मोठ्या शहरांत लागू झाले, त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होते. त्यात एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचे झाले. गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत आणि ते कोणत्याही गॅरेजमधल्या यंत्राला ठरावीक भाषेत सांगावेत, असा त्याचा अर्थ. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था गाडीचे मॉडेल प्रमाणित करताना हे तपासतात. स्टीअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळचे ते सोळा पिनांचे सॉकेट प्रदूषण रोखण्यासाठी आहे. चाकणला बनलेली पोलो घेऊन सर्किटवर गेलेला माणूस त्यात आपला लॉगर खुपसतो, तेव्हा तो हवेच्या कायद्याचा लाभार्थी असतो.

दुसरा धागा आकाशातून आला. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे, आणि सामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम खोट घातलेली असे. जागा सुमारे शंभर मीटर इकडेतिकडे दिसे. मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती खोट काढून टाकली आणि एका रात्रीत चूक दहा-वीस मीटरवर आली. नौका, विमाने आणि ट्रकांसाठी घेतलेल्या या निर्णयाने शर्यतीच्या नोंदीतला एक जुना अडथळा परस्पर दूर झाला. त्याआधी क्लबाच्या पातळीवर डेटा नोंदवायचा तर चाकाजवळ वेगाचा सेन्सर, फेरी कुठे संपली ते कळावे म्हणून ट्रॅकच्या कडेला इन्फ्रारेड किरण सोडणारा बीकन, गाडीत त्याचा रिसीव्हर आणि या सगळ्यांची वायरिंग लागे. उपग्रहाने बीकनही घालवला आणि चाकाचा सेन्सरही. भारतात इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेल्या गगन यंत्रणेने या संकेतांना दुरुस्त्या पुरवायला सुरुवात केली. त्या विमाने नीट उतरावीत म्हणून, पण त्या ज्याला घेता येतील त्याला फुकट. इथे एक तांत्रिक बारकावा आहे, आणि तो लॉगर घेणाऱ्याने विसरू नये. उपग्रहाचा रिसीव्हर वेग मोजतो तो जागांच्या फरकावरून नव्हे, तर लहरींच्या वारंवारतेत होणाऱ्या डॉप्लर बदलावरून. त्यामुळे वेगाचा आकडा फार विश्वासाचा असतो, जागेचा तितका नाही. जागेत दोन-तीन मीटरची चूक सहज राहते, आणि फॉर्म्युला वनच्या नव्या सर्किटला रुंदी किमान १२ मीटर लागते. म्हणजे नकाशावर रेखलेली आपली ‘लाइन’ कर्बला लागली की मीटरभर दूर राहिली, हे साध्या लॉगरला ठामपणे सांगता येत नाही. वेगाचा आलेख मात्र खोटे बोलत नाही. विक्रेते रंगीत नकाशा आधी दाखवतात, आलेख नंतर. घेणाऱ्याने क्रम उलटा ठेवावा.

तिसरा धागा एअरबॅगचा. धडक झाली हे कळायला गाडीत त्वरणमापक हवा, आणि तो स्वस्त हवा. १९९० च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने सिलिकॉनवर कोरलेला असा मापक बाजारात आणला आणि एरवी महागड्या उपकरणांत दिसणारी वस्तू चिपएवढी झाली. पुढे तीच जात खेळण्यांत आणि फोनमध्ये गेली. हा इतिहास नोएडाच्या अगदी अंगणात येऊन पोचतो. अशा चिपांच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे मोठे डिझाइन केंद्र ग्रेटर नोएडात आहे. आणि जुलै २०१८ मध्ये सॅमसंगने नोएडाच्या सेक्टर ८१ मधला आपला कारखाना वाढवला, तेव्हा जगातला सर्वांत मोठा मोबाइल कारखाना म्हणून त्याचे उद्घाटन झाले. उपग्रहाचा रिसीव्हर, त्वरणमापक, जायरोस्कोप, कॅमेरा, पडदा आणि साठवण एकाच पाटीत भरून देणारी वस्तू, हौशी शर्यतपटूचा पहिला लॉगर, सर्किटपासून तासाभराच्या आतल्या टप्प्यावर लाखोंनी बनू लागली. त्याच वर्षी टीव्हीएसने एनटॉर्क ही १२५ सीसीची स्कूटर आणली आणि तिच्या पडद्यावर लॅप टायमर दिला. भाजी आणायच्या स्कूटरला फेरीची वेळ मोजायची सोय कशाला, असे म्हणून हसता येईल. पण शर्यतीतले तंत्र वरून झिरपत असते तर ते शेवटी स्कूटरपर्यंत पोचायला हवे होते. इथे ते ट्रॅकवर न जाणाऱ्या माणसाच्या पडद्यावर आधी आले, कारण चिप स्वस्त होती.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. मोटेक ही ऑस्ट्रेलियन कंपनी, पाय रिसर्च, इटलीची एआयएम, ब्रिटनची रेसलॉजिक, या सगळ्या शर्यतीच्या किंवा वाहनचाचणीच्या जगातल्या. हौशी लोक आज ज्या डब्या वापरतात त्यांतल्या कित्येक यांच्याच. मग शर्यतीचे ऋण नाकारायचे कसे? नाकारायचे नाहीच. वरून खाली आली ती वाचनाची पद्धत. दोन फेऱ्या वेळेच्या अक्षावर न ठेवता अंतराच्या अक्षावर एकमेकींवर ठेवायच्या, आणि त्यांच्याखाली ‘डेल्टा’ची रेषा काढायची, म्हणजे दर मीटरला आपण किती मागे पडलो वा पुढे गेलो ते दिसते: ही युक्ती शर्यतीच्या इंजिनिअरांची आहे, आणि ती नसती तर फोनमधले सगळे आकडे नुसता कचरा ठरले असते. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडचे त्वरण एकाच चौकटीत मांडून टायरची ताकद किती वापरली ते पाहायचे, हेही त्यांचेच. पण पद्धत फुकट मिळते, पुस्तकातून शिकता येते. विकत मिळतात ते चॅनेल, म्हणजे नोंदवायच्या एकेका गोष्टीचे आकडे. आणि ‘व्यावसायिक संघ शंभर चॅनेल नोंदवतो, तू निदान वीस तरी नोंदव’ असा जो युक्तिवाद दुकानात ऐकू येतो, तो या दोहोंत घोळ घालतो. व्यावसायिक संघात त्या शंभर चॅनेलांमागे पगारी माणसे बसलेली असतात. हौशी माणसाच्या मागे सोमवारची नोकरी असते.

दुसरे टोकही तपासायला हवे: फोनच लॉगर असेल तर वेगळी डबी कशाला? याचे उत्तर साध्या गणितात आहे. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा सांगतात. ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. म्हणजे सलग दोन नोंदींमध्ये ब्रेकचा अख्खा निर्णय होऊन जातो आणि आलेखात तो दिसतच नाही. सेकंदाला दहा नोंदी घेणारी डबी दर साडेपाच मीटरला एक ठिपका देते, पंचवीस नोंदी घेणारी सव्वादोन मीटरला. पहिल्या उडीत फायदा प्रचंड, दुसऱ्या उडीत माफक. फोनची आणखी एक अडचण दिल्लीच्या उन्हाची: काचेमागे चिकटवलेला फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो किंवा बंद पडतो, आणि तेही नेमक्या चांगल्या फेरीत. फोनला बाहेरून जोडायचा रिसीव्हर हा मधला मार्ग आहे, आणि पैशाच्या मानाने तो बराच पुढे नेतो.

ओबीडीच्या सॉकेटबद्दलही भाबडेपणा नको. ते गॅरेजसाठी आहे. विचारले की सांगते, आपणहून बोलत नाही. एकेक गोष्ट विचारत गेले की प्रत्येकीची पाळी उशिरा येते, म्हणून पाच-सहा चॅनेल एकदम मागणाऱ्याला सगळेच विरळ मिळतात. स्वस्त ब्लूटूथ डोंगलमधून येणारा थ्रॉटलचा आकडा वेगाच्या आकड्यापेक्षा ०.३ सेकंद मागे असला, तर ताशी २०० ला तो सोळा-सतरा मीटर मागचा असतो. मग आलेख पाहणाऱ्याला वाटते की आपण ब्रेक दाबल्यावरही पाय अॅक्सिलरेटरवर होता. शिवाय सक्तीच्या यादीत ब्रेकचा दाब नाही, स्टीअरिंगचा कोनही नाही. हवेच्या कायद्याला तुमच्या ब्रेकशी काय देणेघेणे? ते हवे असेल तर गाडीतले संगणक ज्यांवरून आपसांत बोलतात त्या कॅन वायरींवरचे संदेश थेट ऐकणारा लॉगर लागतो, आणि त्या गाडीचे संदेश कोणीतरी आधी उलगडलेले असावे लागतात. म्हणून घेण्याआधी डबीच्या चॅनेलांची यादी पाहण्यापेक्षा आपल्या गाडीचे मॉडेल आणि साल तिच्या यादीत आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

मग थोडक्या चॅनेलांत हाती काय लागते? बुद्ध सर्किटचा एकच तुकडा घेऊ. तिसरे वळण चढावर आहे. तिथून बाहेर पडले की किलोमीटरभराहून लांब सरळ रस्ता, आणि शेवटी चौथ्या वळणाचा कडक ब्रेक. हौशी चालकाची नजर त्या ब्रेकवर असते, कारण भीती तिथे वाटते. समजा तो दहा मीटर आधी ब्रेक दाबतो. ताशी १८० वर जायचे दहा मीटर त्याने ८० वर काढले, तर तोटा साधारण पाव सेकंदाचा. आता तिसऱ्या वळणातून तो थोडा आळसात निघाला आणि पुढच्या किलोमीटरची सरासरी १५० ऐवजी १४८ पडली, तर तोटा जवळपास एक तृतीयांश सेकंदाचा. दोन चुका तोलामोलाच्या आहेत, पण सुधारण्याची जोखीम अगदी वेगळी. पहिली सुधारताना हात चुकला तर गाडी ताशी दीडशेने वळणाबाहेर जाते. दुसरी सुधारताना चुकला तर तिसऱ्या वळणाच्या कडेवर टायर ओरडतात, फार तर गाडी फिरते. कोणती चूक आपण करतो, हे अंगाला कळत नाही, कारण सरळ रस्त्यावर ताशी दोन किलोमीटरचा फरक जाणवतच नाही. वेगाच्या आलेखात मात्र तो सरळ दिसतो: तिसऱ्या वळणानंतर दोन रेषा वेगळ्या होतात आणि ब्रेकपर्यंत तशाच समांतर राहतात, आणि खालची डेल्टा रेषा हळूहळू ढळत जाते. यासाठी लागला तो फक्त वेग आणि अंतर. सोबतीला कॅमेरा असेल तर गिअर, हातांची हालचाल आणि पुढची गाडी, हे तीन चॅनेल एकाही वायरीशिवाय मिळाले.

आक्षेप अजून संपलेले नाहीत. सर्किटचा दिवस महाग, फेऱ्या मोजक्या; तो पैसा टायरवर आणि चांगल्या प्रशिक्षकावर घालावा, लॉगरवर कशाला, असे जाणते लोक म्हणतात. प्रशिक्षकाबद्दल ते पूर्णपणे बरोबर आहेत. पण फेऱ्या मोजक्या आहेत हे कारण लॉगरच्या बाजूने जाते. ज्याला दर आठवड्याला ट्रॅक मिळतो तो चुकत-माकत शिकेल. ज्याला वर्षातून मोजकेच दिवस मिळतात त्याला मागच्या दिवसाची स्मृती कुठेतरी लिहून ठेवावीच लागते, आणि चांगला प्रशिक्षक आधी तीच मागतो. याहून खोल आक्षेप परिस्थितीचा आहे. बुद्ध सर्किट बराच काळ रिकामे असते. वापराच्या पट्ट्याबाहेर धूळ बसते, सकाळी ती पुसली जाते तशी टायरची पकड वाढते, दुपारच्या उन्हात पुन्हा बदलते, आणि हिवाळ्यात धुके सकाळच खाऊन टाकते. अकरा वाजताची फेरी नऊच्या फेरीपेक्षा दोन सेकंदांनी वेगवान निघाली, तर सुधारला कोण, चालक की डांबर? लॉगर हे एकट्याने सांगू शकत नाही. म्हणून एका सत्रातल्या फेऱ्या एकमेकींशी पडताळाव्यात, आणि दोन महिन्यांच्या दोन फेऱ्यांची स्पर्धा लावण्याचा मोह टाळावा. उरलेला आक्षेप नैतिक आहे: आकडा समोर आला की माणूस आकड्याच्या मागे धावतो आणि गाडी ठोकतो. यात तथ्य आहे, आणि धावत्या फेरीत पडद्यावर हिरवा-लाल डेल्टा दाखवण्याची सोय नवख्याने बंदच ठेवावी. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत, पेस-मेकिंग आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. लॉगरची फाइल म्हणजे वेगचाचणीचा सेकंदासेकंदाचा पुरावा. ठोकलेल्या गाडीचा दावा नेहमीच्या पॉलिसीत बसेल अशा भरवशावर कोणी सर्किटवर जाऊ नये.

तेव्हा माझा कौल असा. रस्त्यावरची गाडी घेऊन सर्किटवर जाणाऱ्याने सेकंदाला किमान दहा नोंदी घेणारा स्वतंत्र उपग्रह-रिसीव्हर घ्यावा, मग तो वेगळ्या डबीत असो वा फोनला जोडलेला. सोबत एक कॅमेरा. आणि गाडीच्या कॅन वायरींशी नीट बोलत असेल तरच तिसरी जोडणी, नाहीतर ओबीडीतून फक्त थ्रॉटल आणि इंजिनाचे फेरे, एवढेच. ब्रेकच्या दाबाचा सेन्सर लावायला ब्रेकची नळी सोडावी लागते. ते काम आणि तो खर्च, वेगाचा आलेख स्वतः वाचता येऊ लागल्यावरच काढावा. वरच्या किमतीची यंत्रणा शर्यतीच्या परवान्याने, ठरलेल्या मालिकेत, एखाद्या इंजिनिअरसह उतरणाऱ्याची. अॅप कोणते आणि कंपनी कोणती, हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न हा विचारावा की आपली नोंद साध्या सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येते का. कंपन्या बुडतात, अॅपे बंद होतात, आणि बंद कपाटातला डेटा मालकाच्याही कामाचा राहत नाही.

आणि ती फाइल जपून ठेवा. फॉर्म्युला वनच्या तीन वर्षांतली प्रत्येक फेरी छापील नोंदींत आहे. त्या डांबरावर त्यानंतर हौशी माणसांनी काय केले, याची एकत्र नोंद कुठेच नाही. फाइलच्या नावात तारीख, सत्र, गाडी, टायर आणि थंड टायरमधला हवेचा दाब लिहा, हवामान एका ओळीत टिपा, आणि एक प्रत आपल्या क्लबाकडे ठेवा.